मोबाइलला ऐकू न येणारा आवाज

"रात्री सगळं शांत झालं की लांबवर कुठेतरी डिझेल इंजिन चालू असल्यासारखं घूंऽऽ ऐकू येतं. गॅलरीत जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सकाळी लावून बघितलं तर रातकिडे आहेत, कुत्रं आहे, तो आवाज मात्र नाही. घरातले म्हणतात, तुझ्या कानातच काहीतरी झालंय. खरंच तसं असेल का?"

हा प्रश्न कितीतरी देशांतल्या माणसांनी विचारला आहे. १९७७ साली ब्रिटनमधल्या 'संडे मिरर' या वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं, की तुम्हाला असा घुमणारा आवाज ऐकू येतो का? सुमारे ८०० पत्रं आली. त्याच दशकात ब्रिस्टल शहरातून अशा तक्रारी येऊ लागल्या होत्या. पुढे अमेरिकेतलं टाओस आणि कोकोमो, न्यूझीलंडमधलं ऑकलंड, कॅनडातलं विंडसर अशी यादी वाढतच गेली.

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तो आवाज हवेत आहे का, हा एक. आणि असेल तर मोबाइलमध्ये का उतरला नाही, हा दुसरा. आपण दुसऱ्यापासून सुरुवात करू. कारण मोबाइलमध्ये नाही म्हणजे आवाजच नाही, असा निकाल लावून मोकळं होण्याची घाई बहुतेकांना असते. त्या घाईपायी अनेकांना वेड्यात काढलं गेलं आहे आणि त्यात त्यांच्यावर अन्याय झाला आहे.

१. हा आवाज किती खालचा?

एखादी वस्तू थरथरते तेव्हा आवाज निर्माण होतो. एका सेकंदात ती जितक्या वेळा थरथरते, ती त्या आवाजाची वारंवारता, आणि ती मोजायचं एकक हर्ट्झ. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं असं मानतात. जगभरच्या त्या गूढ आवाजांची नोंद या पट्ट्याच्या अगदी तळाशी सापडते. विंडसरचा आवाज ३५ हर्ट्झच्या आसपास होता. ऑकलंडमध्ये मॅसी विद्यापीठाच्या टॉम मॉयर यांनी २००६ मध्ये जो टिपला तो ५६ हर्ट्झच्या आसपास.

इतका खालचा आवाज कशातून येतो, हे साध्या गुणाकाराने काढता येतं. समजा एका मोठ्या पंख्याला ४ पाती आहेत आणि तो मिनिटाला ६०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १० फेरे. प्रत्येक फेऱ्यात ४ पाती हवेला ढकलणार, म्हणून ४० हर्ट्झ. आता चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. अशा इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेट घेतात. गाडी उभी असताना मिनिटाला ८०० फेरे धरले, तर सेकंदाला २७ च्या आसपास दणके बसतात. "डिझेल इंजिनासारखा आवाज" हे लोकांचं वर्णन कल्पनेतलं नाही. त्यांच्या कानांनी पट्टी बरोबर ओळखलेली असते.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या डीपीचा आवाजही याच गटातला, पण थोडा वरचा. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून डीपी १०० हर्ट्झवर घुमते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथले ट्रान्सफॉर्मर १२० वर घुमतात.

आवाज करणारं यंत्रच असेल असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो गावी खाडीत नांगरलेल्या घरनौकांमध्ये राहणारी माणसं १९८० च्या दशकात रात्रीच्या घुमण्याने हैराण झाली. कोणी पंपांवर संशय घेतला, कोणी लष्करावर. शेवटी ते काम माशांचं निघालं. मिडशिपमन जातीचा नर विणीच्या हंगामात खडकाखाली घर करतो आणि मादीला बोलावण्यासाठी १०० हर्ट्झच्या आसपास एकसुरी घुमत राहतो. होड्यांचे तळ तो आवाज थेट झोपायच्या खोलीत पोचवत होते.

आता तरंगलांबी. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाला ३५ लाटा निघत असतील, तर एक लाट ३४३ भागिले ३५, म्हणजे ९.८ मीटर लांब. जवळजवळ ३२ फूट. कंपाउंडची सहा फुटी भिंत एवढ्या लाटेला अडवू शकत नाही, लाट तिला वळसा घालून पुढे जाते. इथून पुढचं बरंचसं या एका आकड्यातून समजेल.

२. रात्रीच का, आणि घरात जास्त का?

बाहेरचा आवाज बाहेर जास्त यायला हवा. तरीही तक्रार करणारे बहुतेक जण म्हणतात, की तो घरात, रात्री आणि खिडक्या लावल्यावर जास्त येतो. ऐकणाऱ्याला ही विसंगती वाटते आणि संशय आणखी बळावतो. प्रत्यक्षात खालच्या आवाजाने असंच वागायला हवं.

हवा स्वतः आवाज गिळते, पण सगळे आवाज सारखे गिळत नाही. ४,००० हर्ट्झचा आवाज एका किलोमीटरमागे ३० डेसिबलहून जास्त घटतो. ६३ हर्ट्झचा जेमतेम ०.१ डेसिबल. (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप. १० डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दहापट होते.) अंतरामुळे आवाज पसरून क्षीण होतो तो दोन्हींच्या बाबतीत सारखाच. पण कारखान्यातला खणखणाट, कर्रकर्र वाटेत हवेत विरून जाते आणि पाच किलोमीटरवर पोचतो तो फक्त तळाचा घूं.

रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची तुलनेने ऊबदार राहते. ऊबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो. त्यामुळे वर निघालेली लाट वाकून पुन्हा जमिनीकडे येते. दिवसा याच्या उलट घडतं, आवाज वर निसटून जातो. त्यात रात्री रहदारीही थांबलेली असते.

खिडक्या लावल्या की वरच्या पट्टीचे आवाज बाहेर राहतात. ३५ हर्ट्झची लाट मात्र काचेला आणि भिंतीला हलवत आत येते. म्हणजे घूं वाढत नाही, त्याला झाकणारे आवाज तेवढे कमी होतात. पण काही खोल्यांत तो खरोखरच वाढतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके धक्के देत गेलं की झोका मोठा होत जातो, तसं खोलीतल्या हवेचं होतं. खोलीची लांबी लाटेच्या निम्मी असली, की समोरासमोरच्या भिंतींवर आपटणाऱ्या लाटा एकमेकींना जोर देतात. ३५ हर्ट्झच्या लाटेची निम्मी लांबी ४.९ मीटर, म्हणजे १६ फूट. सोळा फुटी खोली आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

अशा खोलीत आवाज त्या दोन भिंतींपाशी सर्वांत मोठा आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. पलंगाची उशी भिंतीला लागून असते. पहाटे तीनला उठवल्यावर नवरा किंवा सासूबाई खोलीच्या मध्यावर उभ्या राहून म्हणतात, "मला तर काहीच येत नाही." दोघंही खरं बोलत असतात. मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकदा उशीवर डोकं टेकायला सांगावं.

त्यात खालचे आवाज ऐकण्याची कानांची क्षमताही माणसागणिक बदलते. एकाला स्पष्ट येणारा ४० हर्ट्झचा सूर शेजारच्याला मुळीच न येणं शक्य आहे.

३. मोबाइल बहिरा का?

तरुण, निरोगी कानाला १,००० हर्ट्झचा सूर २-३ डेसिबललाच ऐकू येऊ लागतो. १०० हर्ट्झसाठी सुमारे २६ डेसिबल लागतात, ५० साठी ४४ आणि २० हर्ट्झसाठी ७८ च्या पुढे. याचा अर्थ असा, की घूं तुम्हाला जेमतेम ऐकू येत असला तरी हवेत तो बऱ्यापैकी जोरात असतो. म्हणून चांगल्या माइकला तो पकडणं मुळीच अवघड नाही.

मोबाइल मात्र बोलण्यासाठी बनवलेला आहे. वाऱ्याची फडफड आणि हाताची खुडबुड हीसुद्धा तळाच्याच पट्टीत येते, म्हणून बरेच फोन तो भाग सुरुवातीलाच कापून टाकतात. त्यावर गोंगाट कमी करणारी प्रणाली असते. तिला शिकवलेलंच असतं, की जो आवाज एकसारखा चालू आहे तो निरुपयोगी, तो पुसून टाक. आपल्याला हवा असलेला आवाज नेमका एकसारखा चालू असतो. एवढ्यातूनही काही उरलं, तर ते फोनच्या स्पीकरवर वाजत नाही. करंगळीच्या नखाएवढा पडदा ४० हर्ट्झला पुरेशी हवा हलवू शकत नाही.

म्हणून मोबाइलमधल्या शांततेवरून काहीही सिद्ध होत नाही.

४. मोजायचं यंत्रही डावंउजवं करतं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच तक्रारी अडतात. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. पण हे साधे डेसिबल नव्हेत. ते 'ए' मापाचे डेसिबल आहेत. कानाला खालचे आवाज कमी येतात म्हणून या मापात यंत्र खालच्या आवाजांचं वजन घटवतं. १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झला ३०.

उदाहरण करून बघू. तुमच्या खोलीत ५० हर्ट्झचा ६० डेसिबलचा घूं आहे. ऐकू येण्याची मर्यादा ४४, म्हणजे हा तिच्या १६ डेसिबल वर. तो नक्की ऐकू येणार, आणि शांत रात्री झोप उडवणार. यंत्र दाखवणार ६० वजा ३०, म्हणजे ३० डेसिबल. मर्यादा ४५. अधिकारी कागदावर लिहून जातात, की आवाज मर्यादेत आहे. त्यांचंही यंत्र चुकलेलं नाही, पण या त्रासासाठी ते माप अपुरं आहे.

चांगल्या ध्वनिमापकावर 'सी' मापाचीही सोय असते. त्यात ५० हर्ट्झला जेमतेम १ डेसिबल वजा होतो. दोन्ही मापं एकाच वेळी घ्यायला सांगावं. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा २० किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथे तळाच्या पट्टीचा आवाज ठाण मांडून आहे असं समजायला हरकत नाही.

५. मग रेकॉर्ड करायचा कसा?

गायक किंवा पत्रकार वापरतात तसा हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर लागेल. उसना मिळाला तर उत्तम. त्याच्या माहितीपत्रकात माइक किती खालपर्यंत ऐकतो ते बघा, २० हर्ट्झचा आकडा असेल तर काम होईल. मग सेटिंगमध्ये जाऊन 'लो कट' बंद करा, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोयही बंद करा आणि फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची ठेवा. एमपी३ मध्ये जागा वाचवण्यासाठी यंत्र ऐकू येणार नाहीत असे वाटणारे भाग गाळतं. आपल्याला काहीही गाळलेलं नको.

रेकॉर्डर बॅटरीवरच चालवा. चार्जर लावला की विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तारेतून थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरते आणि मग बाहेरचं कोणतं, तारेतलं कोणतं, हे सांगता येत नाही.

बाहेर रेकॉर्ड करताना खरा शत्रू वारा. माइकवरून वाहणारी झुळूक तळाच्या पट्टीत एवढी धडधड करते की घूं तिच्याखाली गाडला जातो. स्पंजचं जाड टोपण घाला, वारा पडलेली रात्र निवडा, आणि माइक तिवईवर भिंतींपासून दूर ठेवा. हातात धरू नका. बटण दाबलं की तारीख, वेळ, जागा बोला आणि तिथून बाजूला व्हा. निदान दहा मिनिटं यंत्राला एकटं सोडा.

नुसतं आवाज असतानाचं रेकॉर्डिंग पुरत नाही. तो थांबलेला असेल तेव्हा त्याच जागी, त्याच सेटिंगवर दुसरं करा. प्रत्येक रेकॉर्डरला स्वतःचीही थोडी खरखर असते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ती ओळखू येत नाही. आणि घरातला मेन स्विच पाडून एकदा ऐका. फ्रिज, इन्व्हर्टर, गच्चीवरचा पंप यांच्यातलाच कोणी निघाला तर प्रश्न तिथेच सुटेल.

६. चित्र वाचायचं कसं?

रेकॉर्डिंग नुसतं ऐकून फारसं हाती लागत नाही. 'ऑडॅसिटी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि त्यात आवाजाचा वर्णपट काढा. आडव्या रेषेवर वारंवारता, उभ्या रेषेवर जोर. वाऱ्याचा आवाज उताराच्या टेकडीसारखा पसरट दिसतो. पंखा, मोटर, कंप्रेसर यांचा आवाज एका जागी उभ्या सुळक्यासारखा वर येतो. आवाज असतानाच्या चित्रात सुळका आहे आणि नसतानाच्या चित्रात नाही, एवढं दिसलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आवाज हवेत आहे.

लांब रेकॉर्डिंगचा आग्रह कशासाठी, तेही इथे कळतं. एका सेकंदाच्या तुकड्यातून सुळक्याची जागा १ हर्ट्झपर्यंतच सांगता येते, १० सेकंदांतून ०.१ हर्ट्झपर्यंत. हा बारकावा उपयोगी पडतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरची एका सर्वसाधारण प्रकारची मोटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या जवळ फिरते, पण ओझ्याखाली ती थोडी मागे पडून १,४४० ते १,४८० वर राहते. म्हणजे सेकंदाला २५ नव्हे, २४ ते २४.७. सुळका २४.३ ला दिसला तर फिरणाऱ्या मोटरचा संशय घ्यावा. नेमका ५० किंवा १०० ला असेल तर आधी स्वतःच्या तारा, मग डीपी.

७. टाओस: यंत्रांना काहीच सापडलं नाही तेव्हा

न्यू मेक्सिकोतल्या टाओस या डोंगरी गावातल्या लोकांनी १९९३ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसकडे दाद मागितली. लॉस अलामॉस आणि सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळांमधले आणि न्यू मेक्सिको विद्यापीठातले तज्ज्ञ संवेदनशील उपकरणं घेऊन गेले. १,४४० रहिवाशांची पाहणी झाली. सुमारे २ टक्के लोकांना आवाज ऐकू येत होता. हवेत मात्र त्याच्याशी जुळणारं काही सापडलं नाही. ऐकणाऱ्यांना वेगवेगळे सूर ऐकवून "तुमचा यातला कोणता?" असं विचारलं, तेव्हा उत्तरं ३२ पासून ८० हर्ट्झपर्यंत विखुरली.

हे विखुरणं बोलकं आहे. बाहेर एकच यंत्र असतं तर सर्वांनी एकाच सुराकडे बोट दाखवलं असतं. निदान काही जणांच्या बाबतीत आवाज कान आणि मेंदू यांच्यातच तयार होत असावा, असं यावरून वाटतं. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येणं अनेकांना माहीत असतं. तसाच खालच्या पट्टीतलाही येऊ शकतो. यात वेडेपणा किंवा ढोंग काही नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करावी, एवढाच त्याचा अर्थ.

घरच्या घरी पडताळा घेता येतो. कानात फोमचे बोळे घाला. आवाज बाहेरचा असेल तर थोडा तरी उतरतो. उलट अधिक स्पष्ट झाला तर आतला असण्याची शक्यता वाढते. बोळे खालचे आवाज पूर्ण अडवत नाहीत, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. तीस-चाळीस किलोमीटरवर नातेवाइकांकडे शांत जागी रात्र काढा. तोच सूर तिथेही सोबत आला, तर उगमाचा शोध शेजारच्या कारखान्यात घेण्यात अर्थ नाही.

८. कोकोमो आणि विंडसर

इंडियाना राज्यातल्या कोकोमो शहराने एका ध्वनितज्ज्ञ कंपनीला काम दिलं आणि २००३ मध्ये दोन उगम हाती लागले. एका मोटारकंपनीच्या कारखान्यातल्या कुलिंग टॉवरच्या पंख्याचा ३६ हर्ट्झचा सूर आणि दुसऱ्या कारखान्यातल्या कंप्रेसरचा १० हर्ट्झचा. दोन्हींवर उपाय झाले. तरीही काही तक्रारी उरल्याच. एकाच शहरात दोन्ही प्रकारची माणसं असावीत, बाहेरचा आवाज ऐकणारी आणि आतला ऐकणारी. एक उगम सापडला म्हणून उरलेल्यांना खोटं ठरवू नये, आणि काहींच्या कानातला निघाला म्हणून सगळ्यांना घरी पाठवू नये, हे मला कोकोमोकडून शिकण्यासारखं वाटतं.

विंडसरची गोष्ट जास्त चिवट आहे. हे शहर नदीच्या अलीकडे कॅनडात. पलीकडे अमेरिका, आणि तिथल्या झग बेटावर यूएस स्टीलचा पोलादाचा कारखाना. २०११ पासून विंडसरकरांच्या तक्रारी वाढल्या. आवाज कधी येई, कधी दिवसेंदिवस गायब. कॅनडा सरकारने विंडसर आणि वेस्टर्न या दोन विद्यापीठांना अभ्यास दिला.

अशा अभ्यासात आवाजाची दिशा शोधायची कशी? दोन माइक १०० मीटरवर ठेवा. आवाज त्यांच्या रांगेतूनच येत असेल तर दुसऱ्या माइकला तो १०० भागिले ३४३, म्हणजे ०.२९ सेकंद उशिरा पोचेल. अगदी समोरून आला तर दोघांना एकदमच. मधल्या फरकावरून मधली दिशा. अडचण अशी, की एकसुरी आवाजाची प्रत्येक लाट आधीच्या लाटेसारखीच दिसते, मग कोणती लाट उशिरा आली ते कळणार कसं? म्हणून माइकमधलं अंतर निम्म्या तरंगलांबीपेक्षा कमी ठेवतात, ३५ हर्ट्झसाठी ४.९ मीटरच्या आत. तीन-चार माइक असे मांडले की दिशा मिळते. दोन ठिकाणांहून दिशा मिळाली, की नकाशावर दोन रेषा ओढायच्या आणि त्या कुठे छेदतात ते बघायचं.

२०१४ च्या अहवालाने सांगितलं, की लोकांना ऐकू येतो तो आवाज खरा आहे, ३५ हर्ट्झच्या आसपास आहे आणि झग बेटावरच्या झोतभट्टीचं काम हा त्याचा सर्वांत संभवनीय उगम आहे. पण भट्टी दुसऱ्या देशात. पुढची सहा वर्षं आवाज चालूच राहिला. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने तिथल्या भट्ट्या थंड केल्या आणि विंडसरमधला घूं थांबला.

म्हणून नोंदवहीत आवाज सुरू झाल्याच्या वेळेइतकीच तो थांबल्याची वेळही लिहा. आठवड्याच्या सुट्टीला थांबतो का, वीज गेल्यावर थांबतो का, दिवाळीत थांबतो का, पाळी बदलताना क्षणभर डगमगतो का. सुळक्याच्या आकड्यासोबत या वेळा कारखान्याच्या किंवा गिरणीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवता आल्या, की तक्रार ऐकणाऱ्याला "आमच्या यंत्रात तर काही आलं नाही" एवढं म्हणून उठता येत नाही.